सहा गोळ्या आणि बोरिवलीचे अकरा दिवस

आमच्या मुलुंडच्या इमारतीत प्रवास करून न आलेला माणूस हल्ली शोधावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरचे स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि तिथे बर्फ असतो ही बातमी त्यांनी गच्चीवर पडदा लावून सगळ्यांना दाखवली. चौथ्या मजल्यावरचे जपानला जाऊन आले. ते अजूनही दूधवाल्यापुढे किंचित वाकतात. मी बोरिवलीला जाऊन आलो. अकरा दिवस राहिलो. पडद्यावर दाखवण्याजोगं माझ्याकडे काही नाही. पण मी जे पाहिलं ते पुष्कळांनी पाहिलेलं नसेल, आणि पाहायची वेळ त्यांच्यावर येऊ नये असं मला वाटतं, म्हणून लिहितो.

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक डोंगर आहे. त्या डोंगरात बिबटे आहेत आणि ते मनात आणतील तेव्हा इकडून तिकडे जातात. माणसाला मात्र ठाण्याला जाऊन घोडबंदरच्या रस्त्याने किंवा पवई-जोगेश्वरीकडून वळसा घालावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे बोरिवलीला मुलगी देताना लोक थोडा विचार करतात. माझ्या सासऱ्यांनी विचार न करता धाकटी मुलगी वसुधा तिकडे दिली, आणि गेली तीस वर्षं आम्ही वर्षातून दोनदा हा वळसा घालतो आहोत.

मुलुंड

आमच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीला लागून, एक लोखंडी कपाट आहे. कोविडची साथ ओसरली तेव्हा प्रत्येक घरात औषधं उरली होती. अर्ध्या पट्ट्या, न उघडलेल्या बाटल्या. फेकायला कुणाचा जीव होईना. सोसायटीने ठरवलं की सगळं एका ठिकाणी ठेवू, लागेल त्याने न्यावं. या कपाटाचं रीतसर उद्घाटन झालं. फीत होती, शाल होती, श्रीफळ होतं. कात्री आणायची राहिली होती. प्रमुख पाहुण्यांनी अखेर तळमजल्यावरून आणलेल्या भाजीच्या सुरीने फीत कापली आणि ते वीस मिनिटं आरोग्यावर बोलले. मी मागच्या रांगेत बसून मनसोक्त हसलो. मग किल्ली कुणी सांभाळायची असा प्रश्न निघाला. "तुमचं वाचन दांडगं," असं कुणीतरी म्हणालं, आणि मी ती घेतली.

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाच्या हाती कपाट आलं की तो दुसरं काय करणार? मी औषधं विषयवार लावली: ताप, खोकला, पोट, सांधे, संकीर्ण. किल्ली कुणालाही द्यायची नाही असा नियम केला. हळूहळू लोक माझ्या दाराशी येऊन औषधाऐवजी सल्लाच मागू लागले, आणि मी तो देऊ लागलो.

या कपाटात माझ्या एका लाडक्या गोळीच्या दोन-चार पट्ट्या होत्या. कोविडमध्ये मी आजारी होतो तेव्हा आठव्या दिवशी माझा ऑक्सिजन उतरला, आणि हॉस्पिटलात मला डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड दिलं. त्याने मी तरलो. मी श्रद्धाळू माणूस नाही. जी काही श्रद्धा होती ती सगळी त्या गोळीवर बसली.

माघ महिन्यातल्या एका गुरुवारी माझ्या बायकोला, सुलभाला, सणसणून ताप भरला. रविवारी बोरिवलीला वसुधाच्या मुलीचा साखरपुडा होता. सुलभाने महिनाभर खपून साखरेचे पुडे सजवले होते, जरीच्या काठाचे, मोत्यांचे.

"मी जाणार म्हणजे जाणार," ती पांघरुणातून म्हणाली. "काहीतरी द्या ना तुमच्या त्या कपाटातलं."

शुक्रवारी सकाळी मी ती गोळी दिली. "तापाची चांगली गोळी आहे," एवढंच सांगितलं. दिवसाला दोन. शनिवारी ताप पळाला होता, अंगदुखी गेली होती आणि सुलभा उभी राहून साडीला इस्त्री करत होती.

"अहो, तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं," ती म्हणाली.

हे वाक्य मी दीड दिवस चघळलं.

घोडबंदर

रविवारी सकाळी पाचवी आणि सहावी गोळी एकदमच देऊन आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. हवा धुरकट होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी आणि तिच्या कडेने तिवरं. मधे रस्ता, म्हणजे बऱ्याच ठिकाणी रस्त्याचं काम. गायमुखच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा सुलभाने बटाटेवड्याच्या दोन बश्या संपवल्या. एरवी ती अर्धा वडा खाऊन उरलेला माझ्या बशीत ठेवते. मी तिच्या भुकेचंही श्रेय घेतलं. ही भूक तिची नव्हती, त्या गोळीची होती, हे मला नंतर कळलं.

बोरिवली, रविवार आणि सोमवार

साडूंकडचं जेवण हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. मधू सामंत मूळचे मालवणकडचे. मुलुंडमध्ये साखरपुड्याला मठ्ठा आणि जिलबी असते. इथे वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी होती. वर "घेतलंस काय रे, परत घे" असा धाक होता. भाषणं नव्हती. नवऱ्या मुलाच्या काकांनी माईक मागितला तेव्हा सामंतांनी त्यांच्या हातात सोलकढीचा पेला दिला. त्या एका कृतीसाठी मला हा माणूस कायम आवडेल.

संध्याकाळी सुलभा थकली होती. राहा म्हणाले, राहिलो. सोमवारी सकाळी तिने चहा मागितला. "वसू, चहा," इतकं म्हणून ती थांबली, श्वास घेतला, आणि मग "टाक" म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला दम घ्यावा लागत होता. ओठ जांभळट दिसत होते. सामंतांनी ड्रॉवरमधून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काढलं. अठ्ठ्याऐंशी.

"अरविंदा, चल," सामंत मला म्हणाले. "चाय ऱ्हवांदे."

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही हायवेजवळच्या एका हॉस्पिटलात होतो आणि सुलभा काचेच्या दारापलीकडे गेली होती. फ्लू निघाला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया.

अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर, मेघना साने, पस्तिशीच्या असतील. पायात धुवून पांढरे पडलेले क्रॉक्स, बोलणं झटपट. "काका, ताप कधीपासून? शुगर आहे? नाही? मग वाढलेली का दिसतेय? घरी काय काय औषध दिलंत, सगळं सांगा. काढा, होमिओपॅथी, काहीही."

"पॅरासिटामॉल," मी म्हणालो.

"अजून?"

"अजून काही नाही."

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण शेजारी वसुधा होती, सामंत होते, आणि 'तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं' हे वाक्य अजून ताजं होतं.

प्रतीक्षागृह

प्रत्येक देशाचे रीतिरिवाज असतात, तसे या चौथ्या मजल्यावरच्या खोलीचेही होते. खुर्चीवर रुमाल ठेवला की खुर्ची तुमची, आणि तो रुमाल कुणी उचलत नाही. मोबाईल चार्ज करायची एकच जागा; जो नवीन आला त्याचा मान पहिला, कारण नवीन माणसाला फोन जास्त करावे लागतात. सकाळी नऊला डॉक्टर बाहेर आल्या की सगळे उभे राहतात, आणि प्रत्येक जण प्रत्येकाच्या माणसाची हकिगत ऐकतो. मुलुंडमध्ये मी तीस वर्षं शेजाऱ्याचा रक्तदाब किती हे न विचारता काढली आहेत. इथे तासाभरात मला परक्यांची फुप्फुसं माहीत झाली. एका गुजराती बाईंनी, ज्यांचे यजमान आत होते, मी विचारण्याआधीच माझ्या हातात थेपले ठेवले. "खा लो भाई, यहाँ भूखे रहने से किसी का ऑक्सिजन नहीं बढ़ता," त्या म्हणाल्या. इतकं शहाणपणाचं वाक्य मी वैद्यकावरच्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

फ्लूसारख्या रोजच्या आजाराने एवढं कसं झालं, हे मला पहिल्यांदा समजावलं ते जाधव सिस्टरने. ती घाटकोपरला वाढलेली, घरचे मूळ बीडकडचे. मैत्रिणीला दारात "जय भीम" करून ड्यूटीवर यायची आणि आल्या आल्या आम्हा सगळ्यांना एकदा नजरेने मोजायची.

"काका, आमच्या वस्तीत एकदा आग लागली," ती म्हणाली. "एक घर. लहानशी आग. पण सगळी वस्ती बादल्या घेऊन धावली ना. आग विझली, तरी पाणी मारणं चालूच. एकाला बघून दुसरा, दुसऱ्याला बघून तिसरा. शेवटी आगीनं गेलं एक पातेलं, आणि पाण्यानं गेलं अख्खं घर. काकूंच्या छातीत तेच झालंय. व्हायरस म्हणजे आग. आता पाणी जास्त झालंय."

"आणि पाणी मारा असं सांगतं कोण?"

"प्रोटीन असतात हो. सायटोकाइन म्हणतात. एक पेशी दुसरीला हाक मारते, ती तिसरीला. हाका थांबतच नाहीत मग."

मी पुष्कळ वाचलेलं आहे, पण असं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार राहू द्या, तुमच्या शर्टाला लोणचं लागलंय."

मंगळवार

सकाळी नऊला डॉक्टर साने बाहेर आल्या. सगळे उभे राहिलो.

"सुलभा काकूंना ऑक्सिजन अजून जास्त लागतोय," त्या म्हणाल्या, "पण सूज दाखवणारा सीआरपी मी घाबरत होते त्या मानाने बराच कमी आहे. चांगली गोष्ट आहे. असंच राहिलं तर बरं."

वसुधा रडली. गुजराती बाईंनी हात जोडले. सामंतांनी माझ्या पाठीत धपका घातला. "बघ! घाबरतंस कित्याक? सगळा बरा होतला!" आणि ते खाली पेढे आणायला गेले.

मी हसल्यासारखं केलं. कोविडच्या वेळी आजारातून उठल्यावर मी त्या गोळीबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. ती ही सूज दाबते. आजार तसाच असला तरी रिपोर्टातला आकडा खाली आणते. वरून साखर वाढवते. म्हणजे ही चांगली बातमी कदाचित बातमीच नव्हती, माझी गोळी होती. आणि त्या मजल्यावर हे माहीत असलेला मी एकटाच होतो. खोलीभर लोक माझ्या खोटेपणावर विसंबून सुखावले होते. सामंत पेढे घेऊन आले. मी एक घेतला आणि तो हातात तसाच धरून डॉक्टरांना शोधायला निघालो.

त्या मागच्या लहानशा पँट्रीत उभ्या उभ्या इडली खात होत्या.

"डॉक्टर, मी काल खोटं बोललो."

त्यांनी इडली खाली ठेवली. मी सांगितलं. शुक्रवारपासून रविवारपर्यंत, सहा गोळ्या. कपाट, किल्ली, सगळं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तापाच्या कितव्या दिवशी सुरू केलीत?"

"दुसऱ्या."

त्यांनी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि पेनने त्यावर काढायला लागल्या. "हे बघा. व्हायरस आत येतो तेव्हा पेशी एकमेकींना हाका मारतात. इंटरल्यूकिन-सहा ही त्यातली एक. ती लिव्हरला सांगते, लिव्हर सीआरपी बनवतं, म्हणून आम्ही सीआरपी मोजतो. दुसऱ्या दिवशी या हाका शत्रू नसतात काका. त्यांच्या जोरावरच तर शरीर लढतं. तुम्ही तेव्हा सगळ्यांना गप्प केलंत. ताप उतरला, कारण ताप हीसुद्धा एक हाकच असते. व्हायरस मात्र आरामात वाढला. कोविडमध्ये तुम्हाला आठव्या दिवशी दिली, तेव्हा ऑक्सिजन लागत होता, हाका अनावर झाल्या होत्या. आणि कोविडचं जे, ते फ्लूचं नाही. फ्लूमध्ये आम्ही ही गोळी अशी देतच नाही. वर दुसरे जंतू शिरायला दार उघडं मिळतं."

"म्हणजे मी..."

"ते नंतर. आत्ता मला एवढंच कळलं की सीआरपी कमी आहे म्हणून मी निवांत व्हायचं नाही. आणि साखर का वाढली तेही कळलं." त्यांनी फोन उचलला आणि कफाची तपासणी, रक्ताचं कल्चर, अँटिबायोटिक असं भराभर सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठली गोळी, किती मिलिग्रॅम? मला पट्टी बघायचीय. घरी कुणाला फोटो पाठवायला सांगा."

"किल्ली माझ्याकडेच आहे."

"मग पळा."

बाहेर येऊन मी वसुधाला आणि सामंतांना सांगितलं. वसुधा उठून काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सामंतांनी पेढ्यांचा खोका बंद केला. मग म्हणाले, "डाक्टरणीक सांगितलंस ना? मग माका काय सांगत बसलंस. जा."

पुन्हा मुलुंड

घाईत मी मेट्रोच्या उलट्या फलाटावर चढलो आणि दहिसरला पोहोचलो. दहिसर पाहणं हा माझ्या प्रवासाचा हेतू नव्हता. एका पोलीस हवालदाराने मला हाताला धरून समोरच्या गाडीत बसवलं. त्याने का, कुठे असं काही विचारलं नाही, माझ्या हातातला पेढा तेवढा पाहिला आणि म्हणाला, "खाऊन घ्या, घामानं विरघळतोय." मी खाल्ला. गुंदवलीला उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोत, मग घाटकोपर, आणि तिथून लोकलने मुलुंड. मेट्रोच्या काचेतून सबंध पश्चिम उपनगर उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं. एरवी मी त्यावर काहीतरी खवचट बोललो असतो. त्या दिवशी प्रत्येक खिडकीकडे बघून वाटत होतं की या घरांमध्ये माणसं दम न लागता चहा मागताहेत.

जिन्याखालचं कपाट उघडलं. 'संकीर्ण'मध्ये पट्टी होती. गोळ्यांची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. मी रोज वापरत असलेलं ते कपाट, आणि तारीख मी एकदाही पाहिली नव्हती. मी पट्टी शर्टाच्या खिशात घातली आणि रिक्षा, टॅक्सी, जे मिळेल ते बदलत पवईकडून परत बोरिवली गाठली. डॉक्टर सान्यांनी पट्टी पाहिली, मिलिग्रॅम लिहून घेतले आणि पट्टी फाइलला टाचणीने लावली.

बुधवार ते सोमवार

बुधवारी त्या गोळीचा अंमल उतरला आणि खरं चित्र दिसलं. सीआरपी झपाट्याने चढला. नाकातल्या नळीने भागेना, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावला. डॉक्टर म्हणाल्या, "श्वासनलिकेत ट्यूब घालावी लागेल की नाही ते संध्याकाळी सांगते." काचेतून सुलभा दिसायची. डोळे उघडे, कपाळावर केस चिकटलेले, बोलायला तोंड मोकळं नाही. एकदा तिने हाताने मला विचारलं, जेवलात का? मी मान डोलावली. हे मात्र खरं होतं. वसुधा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण तिच्या डब्यात माझ्या वाट्याची तांदळाची भाकरी रोज होती आणि ती मऊ राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "आज तरी ट्यूब नाही." गुरुवारीही तेच सांगितलं. शुक्रवारी कल्चरचा रिपोर्ट आला. फ्लूच्या मागोमाग दुसरा जंतू शिरला होता, आणि मंगळवारी दुपारी सुरू केलेलं अँटिबायोटिक नेमकं त्याच्यावर चालणारं होतं.

"मंगळवारी सकाळी सांगितलंत म्हणून मंगळवारी दुपारी सुरू झालं," डॉक्टर साने म्हणाल्या. "आकडा बघून मी कदाचित थांबले असते. एक-दोन दिवस." फाइल मिटताना म्हणाल्या, "सोमवारी सांगितलं असतंत तर आणखी बरं झालं असतं."

"हो," मी म्हणालो.

मी आयुष्यभर सत्कार, मानपत्रं, शाली यांची टिंगल करत आलो आहे आणि पुढेही करीन. पण त्या आठवड्यात मी ज्यांच्यापुढे हात जोडले ते अगदी मनापासून जोडले. सुलभाला पालथं झोपवलं की श्वास सुधारतो म्हणून जाधव सिस्टर आणि तिथल्या दोन मावश्या दर काही तासांनी तिला अलगद वळवायच्या, आणि वळवताना तिच्या मंगळसूत्राची वाटी गळ्याखाली रुतू नये म्हणून एक मावशी ती हातात धरून ठेवायची. हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. गुजराती बाईंचे यजमान शनिवारी घरी गेले. जाताना बाईंनी खुर्चीवरचा आपला रुमाल उचलला नाही. "आप रखो, यह कुर्सी लकी है," म्हणाल्या. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मी सोमवारपर्यंत त्याच खुर्चीवर बसलो.

सोमवारी सुलभाला साध्या वॉर्डमध्ये आणलं.

हॉस्पिटलचा नववा दिवस

मंगळवारी दुपारी सामंत पेज घेऊन आले. उकड्या तांदळाची, वर मीठ आणि कडेला आंब्याच्या लोणच्याचा खार. "पेज खाल्ल्याशिवाय खंयचो आजार जाता?" असं वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून ते वसुधाला घेऊन खाली चहाला गेले. मला वाटतं त्यांना कळलं होतं की मला सुलभाशी एकट्याने बोलायचं आहे.

नाकाला बारीक नळी होती. आवाज घोगरा, पण वाक्य सलग. तिने दोन चमचे पेज घेतली. मी म्हणालो, "ती तापाची गोळी नव्हती."

आणि मग सगळं सांगितलं. गोळी कुठली होती, तिने काय केलं, मी डॉक्टरांशी खोटं बोललो तेही. सोमवारी लपवलं, मंगळवारी सांगितलं, मधला एक दिवस माझ्यामुळे गेला. ती ऐकत होती. चमचा वाटीत तसाच होता. मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता वाटीकडे बघत बोललो.

मी काय काय ऐकायची तयारी केली होती ते इथे लिहीत नाही. तिने त्यातलं काहीच म्हटलं नाही.

"अजून कुणाकुणाला दिल्यात?" तिने विचारलं.

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग कळला. नऊ दिवस मी फक्त तिच्या फुप्फुसांचा विचार करत होतो. ती बोलण्यापुरता श्वास मिळाल्याबरोबर इमारतीतल्या बाकीच्यांच्या फुप्फुसांपाशी पोहोचली होती.

"तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांना," मी म्हणालो. "एक पूर्ण पट्टी."

"लावा फोन. स्पीकरवर लावा."

कुलकर्णी खुशीत होते. "काय हो, कशा आहेत वहिनी? छान, छान! आणि तुमची ती गोळी म्हणजे झकास हो! ताप तर कधीच गेला. आता अंग दुखलं, गुडघे दुखले की घेतो एक. वीस वर्षांनी तरुण झालो. संपत आल्यात पण. तुम्ही आलात की अजून एक पट्टी काढून ठेवा ना."

"कुलकर्णी, आता माझ्याकडून काही घेऊ नका. पट्टी घेऊन आजच्या आज डॉक्टरकडे जा."

"का? काय झालं? बंद करू का?"

"तेही मी सांगणार नाही. इतके दिवस घेतल्यावर एकदम बंद करायची की हळूहळू, ते डॉक्टरला विचारा. मला यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला? कळत नाही? अहो, असं कसं म्हणता! गंमत करताय."

"नाही, कळत नाही," मी म्हणालो. "सुनेला फोन द्या, मी तिला सांगतो."

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, लगेच नेते. मी फोन ठेवला आणि सुलभाकडे पाहिलं. पुढचं काही बोलेल म्हणून वाट पाहिली.

"पुढचा," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या शहांच्या आई होत्या. पलीकडच्या विंगमधले रिक्षावाले पवार होते. पवारांना मी फक्त दोन गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांना त्या आठवतही नव्हत्या; शहांनी चार प्रश्न विचारले, चारही रास्त, आणि चारही वेळा मी तेच उत्तर दिलं. सुलभा प्रत्येक फोन शेवटपर्यंत ऐकत होती.

तीन फोन होईपर्यंत पेज पार निवली होती. मी म्हणालो, गरम करून आणतो. तिने नको म्हणून मान हलवली, वाटी जवळ ओढली आणि ती तशीच, थंड, चमच्या-चमच्याने संपवली.